चिवट नसलेली फरसबी

पाऊस आला म्हणून ती त्या ताडपत्रीखाली शिरली, एवढंच. भाजी घ्यायचा तिचा मुळीच विचार नव्हता. बाबांची औषधं घेऊन ती घरी निघाली होती आणि रविवारचा शेतकरी बाजार वाटेत लागला होता.

"थांबा हवं तेवढं," टेबलामागचा माणूस म्हणाला. "फक्त टोमॅटोंवर टेकू नका. पहाटेच तोडलेत, अजून बुजतायत."

तिला हसू आलं. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदाच आलं असेल. बाबांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, चमचमीत खाण्यात जन्म गेलेला. डॉक्टरांनी तेलकट बंद केलं आणि बाबांनी जवळजवळ जेवणच बंद केलं. उकडलेल्या भाज्यांचं ताट पुढे आलं की म्हणायचे, "हे तूच जेव. मी काही ढोर नाही." दिवसेंदिवस नुसते खंगत चालले होते.

पाऊस थांबेना, आणि का कोण जाणे, तिनं हे सगळं त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं.

"उकडता कशाला पण?" तो म्हणाला. "मोठ्या आचेवर परता. चमचाभर तेल, आलं, लसूण आणि झटपट हात. भाजी कुरकुरीत राहिली की माणूस खातो. ही फरसबी मोडून बघा बरं."

तिनं शेंग मोडली. कट् असा आवाज झाला आणि त्याचा चेहरा असा काही खुलला, की तिनं अर्धी टोपली फरसबी घेतली. वर गाजरं, सिमला मिरची आणि कोबीही घेतला.

पहिला प्रयोग साफ फसला. त्यात तिच्या धंद्याचा दोष होता. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झालेला तिला खपायचा नाही. तिनं सगळ्या भाज्यांचे मोजून मापून एकसारखे तुकडे केले, धुतले आणि ओलेच्या ओले एकदम कढईत लोटले. गाजर कच्चं राहिलं, कोबीचा लगदा झाला आणि तळाशी पाणीच पाणी. बाबांनी चमच्यानं ते पाणी ढवळून पाहिलं आणि ताट सरकवलं.

पुढच्या रविवारी ती तक्रार घेऊन गेली. भिंगांचं, अर्ध्या मिलिमीटरचं, मोजलेल्या तुकड्यांचं, सगळं सांगितलं.

"सगळे तुकडे सारखे?" तो हसू दाबत म्हणाला. "अहो, पण भाज्या कुठे सारख्या असतात? गाजर हट्टी. त्याला पातळ कापा, आधी टाका. कोबी हळवा, त्याला शेवटी. आणि फडक्यावर कोरडं करा सगळं. ओल्या भाज्या कढईत नुसत्या रडत बसतात."

"हे भाज्यांचं चाललंय की माणसांचं?"

"माणसांचं मला फारसं कळत नाही... भाज्यांचं थोडंफार कळतं." मग जरा थांबून, "तेही तीनच वर्षांत. आधी कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढायचो. शेतात दोन वर्षं सगळं बुडालं. ही फरसबी माझं पहिलं नीट आलेलं पीक."

त्या संध्याकाळी तिनं तसंच केलं. बाबा गप्प बसून जेवले. ताट पुसून घेतलं आणि म्हणाले, "आहे का गं अजून?" ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून थोडा वेळ रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता सरळ माणसानं काय करावं? जाऊन सांगावं, छान झाली हो, आभारी आहे. पुढच्या रविवारी ती तेच सांगायला निघाली होती. रस्ताभर वाक्यसुद्धा घोकलं. पण तो टेबलावर ओणवा होऊन, जिवाचा कान करून म्हणाला, "काय... जमली?" आणि तिच्या मनात आलं, जमली म्हटलं की संपलंच. भाजी घ्यायला पाच मिनिटं लागतात.

"तशी बरी झाली... पण फरसबी जरा चिवट लागली."

झालं. त्यानं बाकीची गिऱ्हाइकं बाजूला ठेवली आणि अर्धा तास तिला समजावत बसला. शेंग तिरपी कशी कापायची, आच कधी वाढवायची. त्याच्या बोटांना मातीचा वास होता. तिला एक अक्षर नवीन नव्हतं आणि तरी ती मन लावून ऐकत होती.

असे पाच रविवार गेले. घरी बाबांच्या गालांवर मांस चढत होतं आणि बाजारात फरसबी चिवटच राहिली. ती उशिरा, साडेअकराला पोचायची, तरी टेबलाखाली ओल्या फडक्यानं झाकलेली एक टोपली शिल्लक असायचीच. तिला वाटायचं, आपलं नशीब चांगलं.

सहाव्या रविवारी टेबल रिकामं होतं.

"तो नाही आला," शेजारी मध विकणाऱ्या मावशी म्हणाल्या. "फरसबीचे वाफे उपटणार आहे आज. बियाणंच वाईट निघालं म्हणतो. कुणी एक गिऱ्हाईक दर रविवारी सांगतंय म्हणे, चिवट लागते." मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. "माल दहालाच संपतो त्याचा. पण एक टोपली लपवून बारापर्यंत बसून राहतो. विचारलं तर म्हणतो, घरी जाऊन तरी काय करू."

पत्ता विचारून तिनं मिळेल ती बस पकडली.

तो शेतात होता, हातात कुदळ घेऊन. एक वाफा उलथून झाला होता. वेल मातीवर पडले होते, शेंगांसकट.

"थांबा," ती धापा टाकत म्हणाली. "फरसबी चांगली आहे. पहिल्यापासून चांगली आहे."

त्यानं मान हलवली. "माझी समजूत घालू नका. अर्धा मिलिमीटर चुकला तर कळतो तुम्हाला. तुम्ही चिवट म्हणता म्हणजे असणारच."

तिचाच नेटकेपणा आता तिच्यावर उलटला होता. तिनं खाली पडलेल्या वेलावरच्या शेंगा खुडल्या.

"कढई आहे का घरात?"

त्याच्या शेतावरच्या खोलीत एक काळीकुट्ट लोखंडी कढई निघाली आणि कोपऱ्यातल्या टोपलीत बाकीच्या भाज्याही. तो दारात उभा राहिला आणि ती कामाला लागली. शेंगा तिरप्या कापल्या, गाजर कागदासारखं पातळ. सगळं फडक्यावर टिपून घेतलं. कढई धूर निघेपर्यंत तापवली. तेल, आलं, लसूण... गाजर, मग फरसबी, मग सिमला मिरची, सरतेशेवटी कोबी. हात एकदाही अडखळला नाही. मीठ, मिरपूड, वरून लिंबू. पाच मिनिटांत ताटली त्याच्या हातात होती.

त्यानं घास घेतला. शेंग दाताखाली कुरकुरली. तो चावायचा थांबला आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"हे आज पहिल्यांदा केलेलं नाही."

"नाही."

"कधीपासून जमतंय?"

"दुसऱ्या रविवारपासून." तिची नजर ताटलीवरच होती. "छान झाली म्हटलं असतं तर... तुम्ही 'वा' म्हणाला असता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला असता. मला यायला कारण हवं होतं. तुम्ही आवडता मला. पण त्यापायी तुमचं पीक... मला माफ करा."

त्यानं ताटली तिच्यापुढे धरली.

"मी एक टोपली लपवून ठेवायचो," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला कधी वाटलं नाही, ही दर वेळी उरते कशी?"

"मला वाटलं, नशीब."

"नशीब कसलं... साडेअकरापर्यंत जीव टांगणीला असायचा." आणि मग दोघंही हसायला लागले. उलथलेल्या वाफ्याकडे पाहून तो म्हणाला, "हा मात्र गेला."

"पुन्हा लावू. किती दिवसांत येते?"

"पन्नास."

"मग पन्नास दिवस येते मी. तक्रारीशिवाय."

संध्याकाळी शेंगांची पिशवी घेऊन तो तिच्याबरोबर घरी आला. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी पिशवी पाहिली, त्याला पाहिलं आणि मग लेकीकडे पाहिलं.

"तुम्हीच का ते?" बाबा म्हणाले. "महिना झाला, ही इतकी झकास भाजी करते आणि तरी दर रविवारी तास तास शिकायला जाते. म्हटलं, मास्तर बघावेत तरी एकदा." त्यांनी खुर्ची सरकवून वाट दिली. "जेवूनच जा. आणि तू गं, आज जरा जास्त कर."