नकाशावरचं कोरं वळण

समोर कोण बसलंय ते बघितल्याशिवाय मनातली भडास काढू नये, हे तिला त्या दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कळलं.

"ताई, तो पाणमांजरवाला एक नंबरचा खडूस आहे!" ती फोनवर तावातावाने सांगत होती. "वर्षानुवर्षं नदीकाठी फिरतो, पण नोंदी मागितल्या की मूग गिळून गप्प!"

फोन ठेवला, तर समोरचा तरुण गालातल्या गालात हसत होता. बुटांना ओला चिखल...

"एक नंबरचाच ना? दोन नंबर चालणार नाही मला."

तिला चहाचा असा ठसका लागला म्हणता!

ठिकठिकाणच्या प्राण्यांच्या नोंदी एका नकाशावर आणणं, हे तिचं काम. नदीच्या वळणावरून नवा रस्ता जाणार होता, सोमवारी सुनावणी होती, आणि नकाशावर नेमकं तेच वळण कोरं होतं.

"कोरं म्हणजे तिथे काहीच नाही, असंच धरतात हो," ती कळवळून म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. "मागे एकदा जागा सांगितली होती मी. आठवड्यात तिथे सापळे लागले. एक मादी..." 

ती हळूच म्हणाली, "नेमकी जागा लोकांना दिसणारच नाही. नुसता मोठा चौकोन. आतलं फक्त सुनावणीच्या समितीला."

"तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"आधी ओळख तर होऊ द्या!"

शनिवारी सकाळी तो तिला नदीवर घेऊन गेला. लव्हाळ्यातून तीन ओली डोकी वर आली, एकमेकांना शीळ घालत. तिने नकळत त्याची बाही धरली — आणि सोडायची विसरली. निघताना मात्र तो नोंदींबद्दल चकार शब्द बोलला नाही.

रविवार सरता सरेना. जीव नुसता टांगणीला. ती सारखी लॅपटॉप उघडत होती, मिटत होती.

"नोंदींची वाट बघतेस, की नोंदीवाल्याची?" ताईने विचारलं.

"नोंदींचीच!" ती फणकारली, आणि उगीचच खिडकीशी जाऊन उभी राहिली.

सोमवारी सकाळी नोंदी आल्या. सगळ्याच्या सगळ्या! समिती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली, आणि रस्ता वळणापासून दूर न्यायचं ठरलं.

बाहेर जिन्यात तो उभा होता. आनंदाच्या भरात ती भांडलीच. "शनिवारची तेवढी नोंद कुठाय? आळस केलात ना?"

"काय लिहिणार..." त्याने नजर खाली वळवली. "त्या दिवशी मी — नदीकडे बघितलंच नाही."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग परत जाऊ," ती कशीबशी म्हणाली. "पण नोंदीचं माझ्यावर सोडू नकोस हं... माझंही लक्ष नसणार."