शेवट तुम्ही आणा

पुस्तकाचं पान दुमडणारा माणूस झरीनला चोराहून वाईट वाटायचा. वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम तिच्याकडे होतं, तेव्हा त्या ओल्या दुपारी परत आलेल्या पुस्तकात दुमडलेला कोपरा दिसताच तिनं मान वर न करताच विचारलं, “खुणेला कागदाचा कपटाही मिळाला नाही?”

“मिळाला होता,” समोरचा उंच तरुण म्हणाला. “पण मग तुम्ही रागावला नसता...”

आणि आपणच बोलून लाजला. हा उमेर. पूर्णगडचा, दुबईत नोकरीला, रजेवर आलेला. त्यानंतर त्याला दिवसाआड पुस्तक लागायला लागलं. आता वाचत होता कोण म्हणा! घ्यायचं, भिजू नये म्हणून शर्टात धरायचं आणि परत यायचं.

बोलता बोलता झरीननं आपलं दुःख सांगितलं. अब्बांनी कुवेतला जाताना दिलेली कादंबरी, आणि तिची शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. ती आता बाजारातही मिळत नव्हती. उमेरनं नुसतं ऐकून घेतलं. पुढं एकदा त्यानं तळहातावर मावेल असं यंत्र टेबलावर ठेवलं. पामटॉप. दुबईच्या मित्राकडे तीच कादंबरी निघाली. त्यानं शेवटच्या पानांचे फोटो यात भरून गावच्या माणसाबरोबर पाठवले होते.

“याला ना वास, ना पान,” झरीन म्हणाली. “वाचू कशी?”

“याला दुमडायला कोपराही नाही. तुम्ही निर्धास्त.” मग त्याचा आवाज उतरला. “शेवट वाचा. मग मला... एक विचारायचंय. रविवारी निघतोय मी.”

काय विचारणार, हे न कळायला ती कुक्कुलं बाळ नव्हती. अब्बा दोन वर्षांनी एकदा यायचे. अम्मीनं निम्मं आयुष्य टेलिफोनशेजारी बसून काढलं होतं. आपलंही तसंच होणार? रात्री पडद्याच्या थंड उजेडात ती एकेक पान वाचत गेली. चुकीचं बटण दाबलं जाईल म्हणून बोट अडखळत होतं, आणि शेवट जवळ येतोय म्हणून जीव. शेवटच्या पानाशी ती थांबलीच; ते वाचलं, की तो विचारणार. पावसाळ्यात जिवापाड जपलेली पुस्तकं ती जशी ठेवायची, तसं तिनं ते यंत्र मलमलीत गुंडाळलं, वेखंडाची पूड घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

शनिवारी सकाळी काढलं, तर मेलेलं. सोबत दिलेल्या चार्जरला लावल्यावर उजळलं, पण आत काही नव्हतं. नव्यानं जन्मल्यासारखं तिलाच तारीख विचारत होतं. झरीननं दिसेल ते बटण दाबून पाहिलं. उमेरला वाटेल, हिनं मुद्दाम पुसलं... हाच हिचा नकार. आणि त्या भीतीतच तिला कळलं, की नकार द्यायचाच नाहीये.

संध्याकाळी तो आला. तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं.

“बॅटरी पार उतरली की हे सगळं विसरतं. मीच सांगायला हवं होतं.” त्यानं यंत्र खिशात टाकलं. “म्हणजे शेवट राहिला. मग मी... विचारायचं नाही ना?”

“मी घाबरले होते.”

“मला?”

“तुमच्या जाण्याला. अम्मीसारखी वाट बघत बसायची भीती वाटते मला, उमेर. अजूनही वाटतेय.”

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. झरीननं पिशवीतून वाळवीनं खाल्लेली ती कादंबरी काढली, उरलेलं शेवटचं पान उघडलं आणि त्याचा कोपरा दुमडला. उमेर बघतच राहिला.

“इथपर्यंत वाचा,” ती पुस्तक त्याच्याकडे सरकवत म्हणाली. “मित्राकडे गेलात तरी पुढचं एकट्यानं वाचायचं नाही. शेवट इथं घेऊन यायचा. दोघांनी वाचायचा.”

“आणि मला विचारायचं होतं ते?”

“ते आत्ता विचारा. त्याचा शेवट माहीत नसला तरी चालेल.”

त्यानं विचारलं, अगदी हळू. झरीन ‘हो’ म्हणाली, आणि पावसात त्याला ऐकू गेलं नसेल या भीतीनं पुन्हा एकदा म्हणाली.