सोबतपट्टी

डॉ. मृणाल टिपणीसने विलयद्रावाची बाटली टांगली. सॅन अँटोनिओच्या या मेंदू-पुनर्वसन केंद्रात तिने आजवर रुग्णांच्या मेंदूत बसवलेले कितीतरी सेतू विरघळवले होते, पण प्रत्येक वेळी बाटलीवरची चिठ्ठी ती दोनदा वाचायची. एकदा विरघळलेला सेतू पुन्हा बसवता येत नसे.

"अजून थोडे दिवस राहू दे ना," नव्याने रुजू झालेले डॉ. ग्रेग लँग म्हणाले.

"राहू दिला तर मेंदू स्वतःहून काही करायचाच नाही. मज्जासेतू म्हणजे कुबडी आहे, ग्रेग. जखमेने पडलेल्या खिंडारात तो बसतो आणि जवळच्या माणसाच्या आठवणी उसन्या घेतो. आईच्या डोक्याला सोबतपट्टी बांधायची. मुलीबद्दल तिला जे जे आठवतं, ते सेतूत उतरतं आणि त्या आधाराने मुलीच्या पेशी वाढतात. निदान वाढाव्यात."

"आणि वाढल्या नसतील तर?"

"तर आपल्याला वाटतं मुलगी बोलतेय, आणि बोलत असते तिची आई. सेतू काढला, की आत कोणीच नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"आईला ठाऊक नसलेलं काहीतरी विचारायचं."

पलंगावर सात वर्षांची हिमेना उशीला टेकून बसली होती. ट्रकच्या धडकेनंतर तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. आता ती चुरुचुरु बोलायची. भोवती तिच्या ओंतिवेरोस कुटुंबाचा सगळा गोतावळा होता. दोघांपेक्षा जास्त माणसं खोलीत नकोत, हा केंद्राचा नियम मृणालनेच गुंडाळून ठेवला होता. सोलापुरात तिचा चुलतभाऊ दवाखान्यात होता, तेव्हा अर्धी गल्ली डबे घेऊन व्हरांड्यात ठाण मांडून बसली होती. मेक्सिकोहून आलेली ही माणसं तिला म्हणूनच परकी वाटत नसत. स्पॅनिश ती त्यांच्यासाठीच शिकली होती.

सकाळीच तिने आजीला, एउसेबियाबाईंना, बाजूला घेऊन एक गुपित काढून घेतलं होतं.

"हिमेना, आई कामावर गेली, की आजी तुला गुपचूप काय देते?"

पोरगी फिसकन हसली. "कॉफी. दालचिनी घातलेली. आणि ती दुधाची मिशी येते ना, तेव्हा इतकं हसू येतं."

"आई, एवढ्याशा पोरीला कॉफी?" हिमेनाची आई मारिबेल एउसेबियाबाईंवर डाफरली. म्हातारीने शालीत तोंड लपवलं. सगळे हसले, लँगसुद्धा. मृणालचा जीव भांड्यात पडला. तिने द्राव सुरू केला.

थेंब थेंब करत बाटली तळाला आली. मारिबेलने कपाळावरची पट्टी सोडली आणि मृणालचे हात धरले.

"देव तुमचं भलं करो, डॉक्टर. मी दिवसभर लाँड्रीत जुंपलेली. या सगळ्या नसत्या, तर पट्टी कोणी बांधली असती?"

"या सगळ्या?"

"आई, माझ्या बहिणी, हिची धर्ममाता. जी उशाशी बसेल ती बांधायची. एकटीवर भार टाकतं का कोणी?"

मृणालने मारिबेलचे हात सोडले. पट्टी आईनेच बांधायची, हे तिने बजावून सांगितलं होतं. पण आजाऱ्याच्या उशाशी एकटीला बसू देणारं हे घर नव्हतं, आणि ते तिच्यासारख्या सोलापूरच्या बाईला तरी कळायला हवं होतं. तिने धावत जाऊन नळी चिमटीत दाबली. बाटलीत चमचाभर द्राव उरला होता.

"काय झालं?" लँगनी इंग्रजीत विचारलं.

"पट्टी आजीनेही बांधली होती. कॉफी तिला ठाऊकच होती." मृणालने नळीला चाप लावला. "आठवण मुलीची असेल, तर त्या आठवणीत समोर आजी दिसेल. आजीची असेल तर..."

ती पलंगापाशी वाकली. एवढं एक उत्तर हवं तसं येऊ दे, असं ती मनातल्या मनात विनवत होती.

"बाळा, कॉफी पिताना तुला समोर कोण दिसतं? आजी ना?"

हिमेनाने डोळे मिटून आठवून पाहिलं. तिची जीभ जड झाली होती.

"नाही," ती सावकाश म्हणाली. "हिमेना दिसते. मिशीवाली."

मावश्या पुन्हा हसल्या. मारिबेलने लेकीचे केस सारखे केले.

"डॉक्टर, हिला घरी कधी नेऊ?"