डोरीनची कबर

ब्रायनी पुडिंगच्या चमच्याने कबर उकरत होती. कुंपणावरून दोन डोकी तिच्याकडे बघत होती.

"आत कोण आहे?" मोठ्या डोक्याने विचारलं.

"डोरीन."

"एवढ्याशा खड्ड्यात?" लहान डोकं म्हणालं. "घडी घातली काय तिची?"

ब्रायनी उकरतच राहिली. माणसांना उत्तरं द्यायची तिची सवयच मोडली होती. बाबा दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी. आई ब्रिस्बेनला, दुसऱ्या घरात. उरली ग्लेनिस आत्या, आणि आत्या प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकायची. तेव्हा दिवसभराचं जे काही साठायचं, ते ब्रायनी डोरीनला सांगायची.

डोरीन म्हणजे तिची टॅरंटुला, जमिनीत बीळ करून राहणारी कोळीण. तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ. सात वर्षांपूर्वी बाबांनी आणली तेव्हा करंगळीच्या नखाएवढी होती. रातकिड्याची एक तंगडी तिला चार दिवस पुरायची. "माती खोल, बशीत पाणी, आणि हात बाहेर," हे बाबांचे तीन नियम. डोरीन लाडात येणाऱ्यातली नव्हती. पेटीचं झाकण जरा हललं की पुढचे पाय उगारून फिस्स करायची.

गेले तीन महिने तर तिने बिळाचं तोंडच मातीने लिंपून घेतलं होतं. म्हणजे तीन महिने ब्रायनी रोज संध्याकाळी काचेच्या पेटीसमोर बसून नुसत्या मातीशी बोलत होती. माती ऐकून घ्यायची.

आणि आईकडे सुट्टीतला एक आठवडा काढून आज ती परतली, तर पेटी लख्ख धुऊन व्हरांड्यात उपडी घातलेली. आणि लिंबाच्या झाडाखाली आइस्क्रीमच्या काड्यांचा क्रूस.

"अगं, मी सगळं रीतसर केलं," आत्या दारातून म्हणाली. हातात बशी पुसायचं फडकं होतं, ते तिने डोळ्यांनाही लावलं. "सोमवारी बघते तर बया मातीवर आडवी. ना हालचाल, ना फिस्स. मी चिमट्याने उचलली, बिस्किटाच्या डब्यात ठेवली, दोन चांगले शब्द बोलले. काय बोलावं सुचेना, म्हणून 'हिने कधी कुणाला त्रास दिला नाही' असं म्हटलं. पोस्टवाला कीथ आला होता, त्याने माऊथ ऑर्गन वाजवला."

"मग मला फोन का नाही केलास?"

"कशाला सुट्टीत रडवायचं तुला? नाहीच करायचा फोन अशा वेळी."

चमचा डब्याला लागला, तशी दोन्ही डोकी कुंपणावरून खाली उतरली आणि त्यांना पाय असल्याचं दिसलं. मोठं डोकं रेंझो झापालाचं होतं. तो ब्रायनीच्याच वर्गात होता, पण तीन वर्षांत दोघांचं बोलणं 'पट्टी दे' आणि 'घे' याच्या पुढे गेलं नव्हतं. लहान डोकं त्याच्या बहिणीचं, पियाचं. ती आठ वर्षांची होती, आणि तिचा आवाज साखर कारखान्याच्या भोंग्याची बरोबरी करायचा.

ब्रायनीने डबा उघडला. डोरीनच होती. आठही पाय, केस, दोन काळे सुळेसुद्धा. ब्रायनीने तिला तळहातावर घेतलं. सात वर्षांत पहिल्यांदाच.

तळहाताला काही कळलंच नाही. वजनच नव्हतं.

ब्रायनीने हात डोळ्यांजवळ नेला. डोरीनच्या पाठीचं झाकण उघडं होतं, उकडलेल्या अंड्याचं टोक उडवावं तसं. आणि आत काही म्हणजे काहीच नव्हतं.

"ही डोरीन नाही," ती सावकाश म्हणाली. "हे तिचे कपडे आहेत."

"म्हणजे ती नागडी फिरतेय?" पियाने आनंदाने विचारलं.

"फिरत नाहीये. कोळी वाढला की कात टाकतो. जुनी कात बिळाबाहेर ढकलतो आणि आत पडून राहतो. नवं अंग लोण्यासारखं मऊ असतं. उंचावरून पडली तर फुटेल ती."

रेंझोने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे सोमवारी तुझ्या आत्याने कात उचलली, तेव्हा डोरीन खाली बिळातच होती."

तिघांनी एकदम आत्याकडे पाहिलं.

"आत्या," ब्रायनी म्हणाली, "पेटीतली माती कुठे आहे?"

 ग्लेनिस आत्याने फडकं दोनदा पिळलं. कोरडंच होतं.

"क्लेम विदरस्पूनला दिली. बादलीभर. इतकी भुसभुशीत माती टाकवेना गं. त्याने त्यात फर्न लावली. ती आज झाडांच्या प्रदर्शनात आहे, गावच्या हॉलमध्ये."

ब्रायनीने चमचा खिशात कोंबला, आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि रंगाचा मऊ ब्रश उचलला आणि धावत सुटली. झापाला भावंडं तिच्या मागे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण सुट्टीचे चार दिवस उरले होते आणि असं काही रोज घडत नाही.

रेल्वेच्या फाटकाशी उसाची गाडी आडवी आली. एक इंजिन, मागे ऊस भरलेले डबे, संपता संपेनात. जमीन थरथरत होती.

"तू डोरीनशी बोलतेस," रेंझो म्हणाला. "कुंपणावरून ऐकू येतं. तिला कळतं?"

"कान नाहीत तिला. पायांच्या केसांना थरथर कळते फक्त."

"मग वर्गात का बोलत नाहीस? आम्हाला तर कान आहेत."

ब्रायनीने विचार केला. "तुम्ही कधी काही विचारलंच नाही."

 रेंझो डबे मोजायला लागला.

हॉलपाशी पोचले तर सगळं गाव बाहेर मोटारींच्या जागेत उभं. हातात चहाचे कप, चेहऱ्यावर संकट. दारात अग्निशमन पथकाचे कॅप्टन, म्हणजे रेंझोचे साल्वो काका, हेल्मेट घालून उभे होते. एरवी ते ट्रॅक्टर दुरुस्त करत. तीन वर्षांत गावात आग म्हणून लागली नव्हती, त्यामुळे आज ते मनातून फार सुखात होते.

"गॅस गळतोय," ते म्हणाले. "स्टेजवर कुठेतरी फिस्स फिस्स आवाज येतोय. मुलांनी मागे व्हा."

ब्रायनी आणि रेंझोने एकमेकांकडे पाहिलं.

"आवाज पहिल्यांदा मी ऐकला," मिस्टर विदरस्पून अभिमानाने म्हणाले. ते सत्तरीचे होते, गळ्यात बो, हातात पाणी फवारायची बाटली. "फर्नवर फवारा मारला, फिस्स. थांबलो, बंद. परत मारला, परत फिस्स."

"काका," रेंझो म्हणाला, "गॅस फवारा बघून गळतो का?"

"गॅसचं काही सांगता येत नाही," साल्वो काका गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या पायाशी साबणाच्या फेसाळ पाण्याची बादली होती. "आता स्टेजवरच्या एकेका वस्तूवर हे ओततो. जिथे बुडबुडे, तिथे गळती."

ब्रायनी पुढे झाली. साबणाचं पाणी कोळ्याच्या अंगात शिरलं की संपलंच. "कुंडीत माझी टॅरंटुला आहे," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिने दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मातीशी बोलून बोलून आवाज मातीच्याच मापाचा झाला होता.

साल्वो काकांनी बादली उचलली.

"पिया," ब्रायनी घाईने तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. पियाने छाती भरून श्वास घेतला.

"मिस्टर विदरस्पून, गॅसने फर्न काळी पडते!"

मिस्टर विदरस्पून पांढरेफटक पडले. बाटली टाकून ते कॅप्टनच्या काखेखालून आत घुसले. सत्तरीचा माणूस इतका वाकू शकतो हे गावाला आजच कळलं. अर्ध्या मिनिटात ते बाहेर आले, कुंडी छातीशी कवटाळून. एक पाऊल, फिस्स. दुसरं पाऊल, फिस्स. गॅसची गळती मिस्टर विदरस्पूनच्या कडेवर बसून पायऱ्या उतरत होती.

गाव चार पावलं मागे सरकलं. साल्वो काका मात्र कर्तव्याला चुकले नाहीत. त्यांनी बादली मागे नेली आणि सगळं पाणी कुंडीवर भिरकावलं.

"थांबा!"

हा आवाज कुणाचा हे ब्रायनीलाही लगेच कळलं नाही. ती मध्ये उभी होती, फेस केसांतून हनुवटीवर ओघळत होता, आणि सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. कुंडीवर थेंब उडाला नव्हता.

"त्यात डोरीन आहे," ती म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.

"डोरीन कोण?"

"टॅरंटुला," मागून धापा टाकत आलेली ग्लेनिस आत्या म्हणाली. "मी सोमवारी पुरलेली."

मिस्टर विदरस्पूनचे हात सैल पडायला लागले.

"सोडू नका," ब्रायनी म्हणाली. "पडली तर ती फुटेल."

"आणि नाही सोडली तर?"

"तर तुमची फर्नही वाचेल."

मिस्टर विदरस्पूननी डोळे मिटले. चार वर्षांची फर्न एका पारड्यात, स्वतःचा जीव दुसऱ्यात. फर्न जड ठरली. गुडघे कटाकटा वाजवत, इंचाइंचाने, ते कुंडीसकट खाली बसले.

ब्रायनीने चमच्याने कडेची माती हळूहळू सैल केली. रेंझोने फर्न तोलून धरली. पियाने तोंड बंद ठेवलं, आणि तिघांत अवघड काम तेच होतं. मुळांच्या खाली एक पोकळी होती, आणि पोकळीत डोरीन. नवी कोरी, गडद, मखमली, पुढचे दोन पाय उगारलेले. ती भयंकर रागावली होती. इतकं सुंदर रागावलेलं ब्रायनीने कुणाला पाहिलं नव्हतं. ब्रशने मागून हलकेच ढकलत तिने तिला डब्यात घेतलं. हात बाहेर.

"गळती सापडली," साल्वो काकांनी जाहीर केलं, आणि हेल्मेट काढून ब्रायनीच्या फेसाळ डोक्यावर ठेवलं. "शाब्बास, पोरी. पथकात तुझ्यासारखं कुणी नाही."

फर्नला दुसरं बक्षीस मिळालं. मिस्टर विदरस्पूननी बक्षिसाची फीत कुंडीवर न लावता डब्यावर चिकटवली. "मुळांशी इतकी छान हवा मला कधी खेळवता आली नव्हती," ते म्हणाले, आणि माती स्वतः बादलीत भरून घरपोच आणली.

आत्याने डब्यात दुरूनच डोकावून पाहिलं. "ते मी कबरीवर बोलले होते ना, ते शब्द मागे घेते," ती म्हणाली. "चांगलाच त्रास देते ही. आणि फोन करायला हवा होता मी. चुकलं माझं." मग थांबून तिने विचारलं, "खूप रडलीस का गं?" आणि या वेळी खरंच उत्तराची वाट पाहिली.

"थोडं," ब्रायनी म्हणाली.

संध्याकाळी पेटी पुन्हा भरली. डोरीन खाली उतरली, आणि तासाभरात तिने बिळाचं तोंड आतून लिंपून टाकलं. आभार नाहीत, निरोप नाही. तिला कुणी लागत नव्हतं. झापालांच्या आजीने, त्यांच्या नोन्नाने, जेवायला हाक मारेपर्यंत रेंझो आणि पिया व्हरांड्यात बसून होते. मिस्टर विदरस्पून कसे वाकले ते पियाने सहा वेळा करून दाखवलं. मग बाबांचा फोन आला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगून झालं.

मग व्हरांडा रिकामा झाला. ब्रायनी नेहमीसारखी पेटीसमोर बसली. आजचा दिवस सांगायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं माणसांनाच सांगून संपलं होतं.

दूर फाटकाशी उसाची गाडी गेली. काच थोडी थरथरली. मातीच्या आत कुठेतरी बारीक खरखर झाली.

ब्रायनीने काचेला कान लावला. इतके दिवस माती तिचं ऐकत आली होती. आज ती मातीचं ऐकत बसली.