उठवणीची धून

राजकुमार दिग्रसच्या स्टँडवर उतरला तेव्हा भर दुपार होती. खांद्यावर काळी बॅग, काखेत टॉवेलात गुंडाळलेला बिगुल. फौजेच्या बँडमध्ये शिकाऊ म्हणून त्याला दहा महिने झाले होते. सात दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि परत गेल्या गेल्या परीक्षा होती.

परीक्षेत दोन धुना होत्या. एक पहाटे पलटण उठवायची. दुसरी दिवस संपल्यावर वाजवायची, लास्ट पोस्ट. मेलेल्या जवानाला निरोप देतानाही तीच वाजते. पहिली त्याला झोपेत यायची. दुसरीच्या शेवटी एक उंच, लांब सूर आहे, तिथं त्याचा दम तुटायचा. बिगुलाला बटणं नसतात. ओठ आणि छाती, एवढ्यावरच सगळं. नापास झाला तर बँडमधून नाव कटणार होतं. त्यांच्या बंजारा तांड्यातून फौजेत गेलेला तो पहिलाच.

तांड्याच्या तोंडाशी धावजी नाईक बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण जीभ धारदार.

"काय बे फौजी, बंदूक नाई देली का तुले? पिपाणीवरच भागवलं?"

"बिगुल हाये, नाईक."

"वाजव मंग. आमच्या म्हशी तरी सलाम करतीन."

घरी बापानं, खेमसिंगनं, आधीच बजावलं. "अंगणात फुकू नको. म्हैस आज-उद्या व्यायची हाये, बिचकन."

म्हणून तो संध्याकाळी तांड्यामागच्या माळावर गेला. लग्न झालेल्यांना तांडा नाल्याकाठी जाळतो. लग्नावाचून मेलेल्यांना त्या माळावर पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचतात. असे एकोणीस ढिगारे होते. त्यातला एक त्याच्या मोठ्या भावाचा, जीवनचा. सतराव्या वर्षी तापानं गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. आई, जमनी, त्यानंतर कधी माळाकडे फिरकली नव्हती.

राजकुमारनं लास्ट पोस्ट धरली. सूर तुटला. पुन्हा धरली, पुन्हा तुटला. अंधारून आलं तेव्हा त्याला बँड शिकवणाऱ्या उस्तादाचं बोलणं आठवलं. तुटलेल्या सुरावर सराव थांबवायचा नाही, ओठ तेवढंच लक्षात ठेवतात. जे चांगलं येतं ते शेवटी वाजवायचं, मगच बिगुल पुसायचा. त्यानं उठवणीची धून वाजवली. खणखणीत, एका दमात. मग तो घरी आला आणि पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी माळावर गेला तर दोन ढिगाऱ्यांचे दगड खाली पडलेले. कोल्हा असेल म्हणून त्यानं ते रचले. चौथ्या दिवशी सगळेच ढिगारे पडले होते. तो वाकून बघत राहिला. माती कुठंच उकरलेली नव्हती. दगड मात्र चहूकडे बाहेर गडगडले होते, खालून कोणी पाठीनं ढकलावे तसे.

त्या संध्याकाळीही लास्ट पोस्ट तुटली. त्यानं उठवणी वाजवली आणि मागं न बघता निघाला. वाऱ्याचं नाव नव्हतं. ओल्या मातीचा वास मात्र तांड्यापर्यंत त्याच्या मागं आला. पाऊस पडून चार महिने झाले होते.

पाचव्या दिवशी त्याला पाय दिसले.

माळाच्या धुळीत, तो उभा राहायचा त्या जागेसमोर, अनवाणी पावलांची ओळ होती. बरीचशी लहान, काही मोठी. टाचा जुळलेल्या, चवडे उघडलेले, अंतर सारखं. त्याला हे ओळखायला कोणी शिकवायला नको होतं. उठवणी वाजली की उठायचं आणि रांगेत उभं राहायचं. तो स्वतः दहा महिने तेच करत होता. त्यानं मोजलं. एकोणीस जोड्या. एका डाव्या पायाला करंगळी नव्हती. जीवनची करंगळी बैलगाडीच्या चाकाखाली गेली होती.

त्या दिवशी त्यानं बिगुल ओठाला लावला नाही. तरी सहाव्या दिवशी ती ओळ पुढं सरकून तांड्याच्या वाटेवर आली होती.

चुलीपाशी जमनी भाकर थापत होती. वर न बघता तिनं विचारलं, "काल काहून नाई वाजवलं?"

"दम लागते, याडी," तो आईला म्हणाला.

"आज वाजव. थे निजवायची नको. थे उठवायची."

"तुले कोणं सांगतलं...?"

"मी माह्या लेकराचा पाय वळखत नाई का?" तिच्या आवाजात सहा वर्षांत नव्हता तो आनंद होता. "वाटंवर गेलती मी. थो घराकडं तोंड करून उभा हाये रे..."

त्या दिवशीही राजकुमारनं बिगुल टॉवेलातून काढला नाही.

सातव्या दिवशी, रविवारी, धावजी नाईक स्वतः दारात आले. आज त्यांनी टोमणा मारला नाही. त्यांची नात संगीता, जिचं लग्न महिन्यावर होतं, सकाळी खाटेवर नव्हती. ती वाटेवर सापडली, पावलांच्या ओळीत, दोन जोड्यांच्या मधे. टाचा जुळवून, हात अंगाला चिकटवून, डोळे उघडे ठेवून उभ्या उभ्या झोपलेली. तेव्हापासून जागी होत नव्हती. बसवली की परत उभी राहत होती.

"तू रोज काय वाजवत होता, मले खरं सांग," नाईक म्हणाले.

त्यानं सगळं सांगितलं.

 नाईक म्हणाले, "लग्न राह्यलेले हायेत थे. हिचंबी राह्यलं हाये, म्हणून हिले आपल्यातली समजले... निजवायची येते का तुले?"

"येते. शेवटी तुटते."

"आज तुटली तं माही नात गेली. ध्यानात ठेव."

दिवस मावळायला टेकला तेव्हा ओळ अंगणात आली होती. ताज्या सारवणात पावलं चांगली रुतली होती. नाईकांनी संगीताला दंडाला धरून तिथं आणलं. खेमसिंगनं म्हशीच्या तोंडावर हात ठेवला. जमनी मागं दारात होती. राजकुमार तिच्याकडे पाठ करून ओळीसमोर उभा राहिला आणि बिगुल उचलला.

सुरुवात चांगली गेली. मधला भाग गेला. उंच सूर आला तेव्हा त्याची छाती रिकामी झाली होती, ओठ थरथरत होते. समोर कोणी नव्हतं, तरी एकोणीस जणांनी श्वास धरल्याचं त्याला कळत होतं. त्यानं डोळे मिटले. सूर डळमळला. त्यानं पोटातून उरलासुरला दम ढकलला आणि सूर उभा राहिला, लांबला, हळूहळू बारीक होत संपला.

तुटला नाही.

अंगणभर एक उसासा फिरला.  संगीता मटकन खाली बसली, तिनं आजोबांकडे बघितलं आणि पाणी मागितलं. नाईकांनी तिचं डोकं छातीशी धरलं.

"पास झाला बे तू," ते म्हणाले. 

राजकुमार हसला. उद्याच्या गाडीचा, परीक्षेचा विचार त्याच्या मनात आला. बिगुल पुसत तो आईला सांगायला वळला.

जमनी उंबऱ्यात उभी होती. दोन्ही हात तिनं समोर वर उचलले होते, आपल्या डोक्याहून थोडे उंच. तळवे एकमेकांसमोर, मधे एका डोक्याएवढी जागा. ती त्या जागेवर तळवे घट्ट दाबून होती. कोणाच्या कानांत आवाज जाऊ नये म्हणून दाबावेत तसे.

"याडी..."

"झालं नं तुहं वाजवून?" तिनं हळूच विचारलं.

"झालं."

तिनं हात खाली घेतले. मग ती उंबऱ्यावरून बाजूला सरकली, आधी कोणाला तरी आत जाऊ दिलं, आणि त्याच्या मागं गेली.