पिकअपचे नवे दिवे

"हात लावू नोको त्याले! अश्विन, बोनेट बंद कर... बंद कर म्हणते ना!"

मोहफुलांची पाटी तिथंच टाकून सत्यशीला अंगणातून धावली. नऊ वर्षं ज्यानं तिच्या दारात पाय ठेवला नव्हता तो तिचा धाकटा भाऊ, तिनं कडेवर वाढवलेला अश्विन, आज भरदुपारी तिच्या अंगणात उभा होता. आणि त्याला डोळे भरून पाहायचं सोडून ती त्याच्यावर ओरडत होती!

अश्विननं मान वर केली नाही. "खुशबूनं लाइट पाठवले हायेत. लावून देतो आन् जातो. बोलाले नाई आलो मी."

खुशबू त्याची बायको. नवऱ्याला न सांगता दर आठवड्याला नणंदेला फोन करणारी. गेल्या महिन्यात धानोऱ्याच्या बाजारातून येताना सत्यशीलेला सांजावलं आणि दिव्याविना चालणारी तिची जुनी पिकअप रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरली, मनगट दुखावलं. हे कळल्यावर खुशबूनं आरमोरीच्या दुकानातून स्वस्तातला पण कामाचा एलईडी हेडलाइटचा जोड आणला आणि नवऱ्यापुढे ठेवला. "नसन बोलाचं तर नका बोलू," ती म्हणाली, "पण बाईच्या गाडीले उजेड तर द्या."

ती गाडी म्हणजे त्या घराचा पोशिंदा होती. वडील गेले तेव्हा अश्विन सहा वर्षांचा होता आणि सत्यशीला एकोणीसची. बाईमाणसानं स्टेअरिंग धरलेलं त्या जंगलपट्टीत कुणी पाहिलं नव्हतं. तिनं धरलं. तेंदूपत्ता वाहिला, धान वाहिलं, मोह वाहिला, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. स्वतःचं वऱ्हाड तेवढं राहून गेलं! आणि त्याच गाडीपायी भावाचं तोंड तिला अंतरलं होतं...

"उद्या मिस्त्री येणार हाय," ती काकुळतीनं म्हणाली. "तू जेव. तुह्यासाठी भाजी टाकते. गाडी राहू दे."

"मी लाइनमन हावो. मिस्त्री कायले पाह्यजे?"

त्यानं डॅशबोर्डचे स्क्रू काढले, पत्रा ओढला आणि आत हात घातला. त्याच्या हाताबरोबर बाहेर आला तो काळाठिक्कर पडलेला, वितळून एकमेकांत गुंतलेला वायरींचा झुबका... आणि त्याच्या टोकाला एक जोड, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वाकळीच्या निळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेला.

अश्विन त्या जोडाकडे पाहतच राहिला.

तो दोरा आईनं, केसरबाईनं, स्वतःच्या हातानं दिला होता. एकोणीस वर्षांचा अश्विन तेव्हा नागपूरला आयटीआयमध्ये शिकत होता. मित्राच्या वरातीत मिरवायला त्यानं दोन एलईडी फोकस आणले आणि आईच्या त्या दोऱ्यानं बांधून हेडलाइटच्याच वायरीत जोडून टाकले. त्या दिव्यांनी वरात लखलखली, गाव पाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी आईच्या पाया पडून तो परीक्षेला निघून गेला.

"हे काऊन जळलं?" त्यानं हळूच विचारलं.

"उंदरानं कुरतडलं असन."

"उंदीर कुरतडते. तांबं जाळत नाई." त्याचा आवाज चिरकला. "कधी जळलं हे? बाई... सांग मले. कधी जळलं?"

नऊ वर्षांनी त्याच्या तोंडून आलेली ती 'बाई' ही हाक! हीच हाक ऐकायला तिचे कान आसुसले होते... पण अशी नव्हे, यापायी नव्हे! तिनं तो निळा जोड मुठीत झाकून घेतला. आणि तिच्या त्या मुठीनंच त्याला सारं सांगून टाकलं.

अश्विन परीक्षेला गेल्याच्या तिसऱ्या रात्री केसरबाईच्या छातीत कळ आली होती. गावात दुसरी गाडी नाही, फोनला रेंज नाही. सत्यशीलेनं आईला पिकअपमध्ये बसवलं, दिव्यांचं बटण दाबलं आणि डॅशबोर्डमधून धूर निघाला. दिवे गेले, गाडी मेल्यासारखी पडली. त्या धुरातच आईनं मुलीचा हात धरला. "अश्विनले सांगजो नोको... पोरगं जन्मभर जळत राहीन. शपथ हाय तुले." शेजारच्या लच्छूभाऊची बंडी जुंपली. सत्यशीला बैलांपुढे टॉर्च धरून चालत होती. कळ आल्यापासून दोन तास झाले असतील. नाल्याच्या उतारावर आईचा हात तिच्या हातात निर्जीव झाला.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळ्या समाजासमोर, अश्विन तिच्या अंगावर धावून गेला होता. "गाडी दारात उभी असून मायले बंडीत काऊन नेलं? सांग!" आणि सत्यशीला, वाघाच्या वाटेनं एकटी गाडी हाकणारी ती बाई, खाली मान घालून म्हणाली होती, "मले भेव लागला. अंधारात जंगलातून गाडी चालवाची हिंमत नाई झाली."

लच्छूभाऊलाही तिनं हेच सांगितलं. जळके फोकस विहिरीत टाकले, इंजिनापुरती वायर स्वतः जोडली. पण डॅशबोर्ड मिस्त्रीकडून उघडून घेतला नाही. त्याच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? ती भेकड ठरली. भावाच्या लग्नात ती मंडपाच्या शेवटच्या रांगेत, परक्यासारखी, फुलांच्या पाकळ्या मुठीत धरून बसली, आणि कुणी पुढे बोलावलं नाही म्हणून तशीच उठून आली.

"म्हणजे मीच..." अश्विन मटकन खाली बसला. "मीच मारलं मायले."

फाडकन त्याच्या गालावर थप्पड बसली.

"खबरदार! पुन्हा बोलशील तर जीभ हासडीन!" सत्यशीला ओरडली. "मायचं काळीज थकलं होतं. उजेड असता तरी पोचली नसती ती!"

"आन् तू भेकड म्हणून घेतलं? माह्याकडून? नऊ वर्षं? मी तुले काय काय बोललो बाई... तुह्या नावानं आंघोळ केली म्हणून सांगत फिरलो मी!"

"लेकरू होता तू. तुले कळलं असतं तर तू त्या विहिरीशिवाय दुसरीकडे गेला नसता. मले ठाऊक हाय ना तू!" आणि मग तिचा बांध फुटला. "आता कळलंच ना तुले... मंग माह्या नऊ वर्षांचं काय झालं रे? एवढं सोसलं, तेही तुह्या कामी नाई आलं!"

तिनं त्याचं डोकं छातीशी घेतलं आणि दोघं बहीणभाऊ त्या उघड्या बोनेटखाली लहान मुलांसारखे रडले.

मग अश्विन उठला. त्यानं जळकी वायर मुळापासून उपटली, नवी ओढली, फ्यूज बसवला, दोन्ही दिवे घट्ट आवळले. ऊन कलून अंधार पडला तरी तो पाणी प्यायला थांबला नाही. दिवे लागले तेव्हा अंगणापलीकडची मोहाची झाडं दिवसासारखी उजळली. त्या पांढऱ्या उजेडात त्याचा चेहरा प्रेतासारखा दिसत होता.

"चल," तो म्हणाला. "गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंत. माय दोन घंटे होती. आपण दोन घंट्यांत पोचतो का नाई, मले पाह्यचं हाय."

"अश्विन, नोको..."

"मले पाह्यचं हाय बाई! नाई तर मी झोपूच शकणार नाई कधी."

पदर खोचून तिनं गाडीचं दार उघडलं. "सरक. गाडी मी चालवीन."

गाडी निघाली. नाला आला, गेला. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही. रस्ता पुढे लख्ख, मोकळा पडला होता. ज्या वाटेनं सत्यशीला सव्वा तासात गडचिरोली गाठायची, त्या वाटेवर पिकअप बैलगाडीच्या चालीनं चालली होती. मागून मोटारसायकली येत, हॉर्न वाजवत निघून जात.

"जोरात चालव ना," अश्विन एकदा म्हणाला.

"जुनी गाडी हाय. इतकीच पळते."

त्यानं वाकून तिच्या पायाकडे पाहिलं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकला होता. फुलावर ठेवावा तसा. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं...

घड्याळात दोन तास भरले. गडचिरोलीचे दिवे अजून कुठंच दिसत नव्हते. सत्यशीलेनं गाडी कडेला घेतली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पाह्य. कुठी पोचलो आपण? नसती पोचली माय. तुह्या लाइटीनं काई नाई झालं, बाबू."

अश्विननं बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"हो बाई," तो म्हणाला. "नसती पोचली."