साखरदूत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं एक गाव मनात आणा, जिथे पोराने चोरून लाडू खाल्ला तर थोड्याच वेळात पुण्याच्या आत्याचा फोन येतो, "किती खाल्लेस रे?"

रेवतीच्या गावात हे रोजचंच होतं. प्रत्येक मुलाच्या दंडावर रुपयाएवढा साखरदूत चिकटवलेला असे. त्याची केसासारखी तार त्वचेखाली साखर मोजायची आणि दर पाच मिनिटांनी तो आकडा बिनतारी घरच्यांच्या फोनवर जायचा.

नऊ वर्षांच्या रेवतीला तर मधुमेहच होता. तिचा आकडा रोज संध्याकाळी चढायचा. तिच्या वडिलांनी, भालचंद्र खोतांनी, आधी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं. मग ते शेजारच्या काकूंशी भांडले. मग पोरीला दोन ठेवून दिल्या, आणि पुढे रोजच. आकडा काही हटेना. शेवटी ते साखरदूत बनवणाऱ्या डॉ. झुबेदा मुजावरांकडे गेले.

"बाई, तुमचं यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर माझी पोरगी चोरटी आहे."

डॉक्टरांनी पडद्यावर महिन्याभराची रेघ उलगडली. "सव्वासहाला चढते. रक्तातली साखर त्वचेखाली कळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे सुरुवात सहाला. तेव्हा घरात काय होतं?"

"काय व्हायचंय? मी कामावरून येतो. फटफटी लावतो."

"आणि हे तीन दिवस रेघ सपाट कशी?"

"तेव्हा मी बेळगावला होतो, लग्नाला." खोत जिंकल्यासारखे हसले. "बघा! मी नसताना खात नाही आणि मी आल्यावर खाते? उलटं नको का व्हायला?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "साखर फक्त तोंडातून येत नाही, खोतसाहेब. जीव घाबरला की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. पळायला बळ हवं ना! शरीर शिदोरी बांधून देतं म्हणा."

"पळायला? कुणापासून?"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या त्या तीन सपाट दिवसांवर बोट ठेवलं.

त्या संध्याकाळी खोतांनी फटफटी कोपऱ्यावरच बंद केली आणि ढकलत घरी आणली. रेवती पाढे लिहीत बसली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज कसा मऊ करायचा, हे त्यांना चटकन आठवेना.

"रेवू, तू मला घाबरतेस होय गं?"

"नाही, बाबा," रेवती म्हणाली. आणि आकडा बाहेर जाऊ नये म्हणून तिने दंडावरचा साखरदूत तळहाताने घट्ट झाकून धरला.